वसईहून परतताना कामणच्या रस्त्यानं येऊ नका

आधी निकाल सांगते, बाकीचं नंतर वाचा. ठाणे, घोडबंदर, वसई, आगाशी, अर्नाळा ही सायकलफेरी जरूर करा. पण परत येताना चिंचोटी फाट्यावरून कामण, खारबाव, अंजूर फाटा करत भिवंडीकडून ठाण्यात उतरणारा रस्ता कुणी कितीही गळ घातली तरी धरू नका. मला तो 'घोडबंदरपेक्षा शांत, सपाट आणि खाडीच्या कडेकडेनं' असा सांगितला होता. सांगणाऱ्यांपैकी एकानंही तो सायकलवर केलेला नव्हता, हे घरी आल्यावर कळलं. गाडीतून, काचा वर करून, कधीतरी गेले होते म्हणे.

सोबत भाचा होता. त्याची सायकल रेसिंगची, टायर पंचवीस मिलिमीटरचे. माझी साधी हायब्रिड, पस्तीसचे टायर. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

जाताना घोडबंदर रोडच. पहाटे चारला निघायचा सल्ला सगळे देतात, तो चुकीचा आहे. रात्री सोडलेले कंटेनर त्या वेळी गायमुखच्या घाटात रांगेनं असतात. अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळा अधूनमधून बदलतात, त्या आदल्या दिवशी बघून घ्या. रविवारी साडेपाचला माजिवड्याहून निघालं तर घाट सुसह्य होतो. चढ दमवणारा नाही, एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. उतारावर मात्र वेग घेऊ नका. डांबराच्या वळ्या उठल्यात आणि अंधारात त्या दिसत नाहीत. मागचा लाल दिवा आणि चमकणारं जाकीट हवंच. घोडबंदर रोड महामार्गाला मिळतो त्या फाउंटनच्या चौकात पायउतार होऊन सायकल हातानं पलीकडे न्या, तिथं शौर्य दाखवण्यासारखं काही नाही. पुढं वसई खाडीवरच्या वर्सोव्याच्या पुलावर डावी कड धरून न थांबता पार व्हा. खाडीचे फोटो काढायला पूल ही जागा नव्हे.

सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि दुपारनंतर उलटा फिरतो. म्हणजे जाताना पाठीवर, परततानाही पाठीवर. हिवाळ्यात हे फुकटचं इंजिन मिळतं, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारीच बघा.

वसईचा किल्ला सगळ्यांना माहीत असतो, तरी सायकलवाल्यांसाठी दोन गोष्टी. एक, तो प्रचंड आहे आणि आत पाणी मिळत नाही, बाटल्या गावात भरून घ्या. दोन, किल्ल्यातून जेट्टीकडे जाणारा रस्ता चालू वाहतुकीचा आहे, तेव्हा कमानीखाली सायकल आडवी टाकून बसू नका. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना तहात दिली. पुढं दोनशे वर्षांनी, मे 1739 मध्ये, चिमाजी अप्पांनी सुरुंग लावून तट फोडला आणि किल्ला घेतला. पडक्या चर्चच्या आत उभं राहून वर पाहिलं की भिंतींची उंची कळते. इथल्याच गोन्सालो गार्सिया यांना 1597 मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर चढवलं, 1862 मध्ये ते संत ठरले. त्यांच्या नावाचं चर्च किल्ल्यात आहे.

वसई ते अर्नाळा हा पट्टा सुंदर आहे. गिरीज, भुईगाव, निर्मळ, आगाशी. केळीच्या बागा, विहिरी, चर्च, देवळं, सावली. काहीही अडचण आली नाही, म्हणून लिहायलाही काही नाही. आगाशीत सुकेळी (वाळवलेली केळी) घ्या. भुईगावला 1956 मध्ये अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला होता. त्याआधी 1882 मध्ये सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी खणला, त्याला तिथली माणसं बुरुड राजाचा कोट म्हणतात. जायचं असेल तर नालासोपाऱ्याच्या गर्दीची तयारी ठेवून जा. आम्ही गेलो, आणि स्तूपापेक्षा रिक्षाच जास्त पाहिल्या.

अर्नाळ्याचा किल्ला बेटावर आहे, बेटावर वस्तीही आहे, त्यामुळे गावकऱ्यांच्या होड्यांची ये-जा चालू असते. सायकल पाहिली की कुणीतरी 'स्पेशल बोट' म्हणत पुढं येतं. आमच्याकडे डोईमागे तीनशे मागितले, सायकलचे वेगळे. त्या होडीत बसू नका. सायकली किनाऱ्यावरच्या एखाद्या टपरीवाल्याकडे चहा पिऊन ठेवा आणि कोळणींच्या मागोमाग नेहमीच्या होडीत चढा. पँट गुडघ्यापर्यंत ओली होईल, तेवढंच.

आता कामण.

चिंचोटीला महामार्ग सोडून कामणकडे वळलो तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, आता आराम." पहिला किलोमीटर खरंच बरा होता. नंतर डांबर संपलं. संपलं म्हणजे तुटलं नाही, नाहीसंच झालं. खड्डे बुजवायला पेव्हर ब्लॉक टाकलेले, ते ट्रकांनी उखडून उभे केलेले. आजूबाजूला खडीच्या खाणी आणि क्रशर, त्यामुळे हवेत पांढरी भुकटी. एक ट्रक गेला की अर्धा मिनिट पुढचं चाक दिसत नाही, आणि अर्ध्या मिनिटात दुसरा ट्रक येतोच. कारण हा रस्ता गुजरातकडून भिवंडीच्या गोदामांकडे जाणाऱ्या मालाचा आहे. 'शांत' म्हणणाऱ्यांनी हे कसं पाहिलं नाही, देव जाणे. काही तुकडे काँक्रीटचे झालेत, पण एकाच बाजूचे. त्यांची कड डांबरापासून वीतभर उंच आहे. मागून हॉर्न वाजला की उतरायला जागा नाही, उतरलात तर परत चढायला नाही. खाडी? एकदाही दिसली नाही. वीसहून जास्त किलोमीटरमध्ये एकदाही नाही.

पोमणच्या आसपास भाच्याचं मागचं चाक बसलं. फुटलेल्या ट्रकटायरची बारीक तार, डोळ्यांना दिसत नाही, बोटांना टोचते. नवी ट्यूब घातली. पुढं खारबावच्या अलीकडे परत तेच. तिथं पंक्चरवाला होता, पण त्याचं सगळं सामान ट्रकचं. भाच्याच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, फ्रेंच पद्धतीचा, त्याच्या कॉम्प्रेसरची नळी त्यावर बसेना. शेवटी आमच्याच पिशवीतलं पितळी अडॅप्टर लावून त्यानं हवा भरली आणि दीडशे रुपये मागितले. हवेचे! मी भांडले. "ताई, इथं दुसरा कोण आहे?" असं तो म्हणाला, आणि खरंच दुसरा कुणी नव्हता. ऐंशीवर मिटलं. अडॅप्टर आमचं, ट्यूब आमची, त्याची फक्त हवा. ऐंशी रुपये कसले हे मला अजून कळलेलं नाही.

तर ज्यांना एवढं वाचूनही जायचंच आहे त्यांनी टायर बत्तीसच्या वरचे ठेवावेत, दोन जादा ट्यूब, अडॅप्टर, चिमटा (तार काढायला, नखांनी निघत नाही) आणि चांगला मास्क न्यावा. रुमाल पुरत नाही. मला दोन दिवस खोकला होता. पावसात आणि अंधारात अजिबात नको. अगदीच अडलात तर कामण रोड आणि खारबाव ही दिवा-वसई मार्गावरची स्टेशनं जवळ आहेत. गाड्या मोजक्याच असतात, वेळापत्रक निघण्याआधीच फोनमध्ये घेऊन ठेवा.

शहाण्यानं करायचं ते असं. वसईत मुक्काम करा आणि किल्ल्याच्या जेट्टीवरून रो-रो बोटीनं (वाहनांसकट माणसं नेणाऱ्या) भाईंदरला या. 2024 च्या फेब्रुवारीपासून ही बोट चालू आहे, सायकलही घेतात. फेऱ्या भरती-ओहोटीवर अवलंबून असल्यानं आदल्या संध्याकाळी जेट्टीवर जाऊन विचारा. बोटीमुळे वर्सोव्याचा पूल आणि त्यापलीकडचा महामार्ग दोन्ही टळतात, आणि कामणला न दिसलेली खाडी मनसोक्त बघायला मिळते. पुढं काशिमिऱ्यावरून परत गायमुखचा घाट लागतो, पण तो ओळखीचा शत्रू आहे.

एका गोष्टीसाठी मात्र या रस्त्याचं ठाण्याकडचं टोक बघण्यासारखं आहे. अंजूर. पोर्तुगीजांच्या जाचाविरुद्ध पेशव्यांकडे जाऊन मोहिमेसाठी पाठपुरावा करणारे गंगाजी नाईक इथलेच. त्या मोहिमेत आधी 1737 मध्ये ठाण्याचा किल्ला पडला, ज्यात आज कारागृह आहे, आणि मग वसई. आम्ही अंजूर फाट्यावर पोचलो तेव्हा भाच्यानं फाट्याकडे बघितलंसुद्धा नाही, मान खाली घालून सरळ कशेळीचा पूल गाठला. त्याला दोष देत नाही. ज्यांना अंजूर बघायचं आहे त्यांनी ते वसईच्या फेरीत कोंबू नये. वेगळ्या रविवारी सकाळी बाळकुमहून कशेळीचा पूल ओलांडून, काल्हेरवरून जावं, गोदामं उघडायच्या आत परतावं. त्या बाजूचा रस्ता निदान रस्ता आहे.