ओगाराची सुटलेली पकड

रग्बी म्हटलं की आमच्या गावातले पोट्टे विचारतात, "दादा, हे काय रायते?" इथं कबड्डीच. कापसाची वेचणी संपली की शाळेमागं फक्कीनं मैदान आखतो, पंधरा-सोळा पोट्टे येतात. मी डावा कोपरा खेळायचो. तालुक्याच्या फायनलला शेवटच्या रेडला मी घाई केली, पाय टेकायच्या आधीच घोट्यावर झेपावलो, रेडर माझ्या हातावरून उडी मारून पार अन् आम्ही एका पॉइंटनं हरलो. बारा वर्षं झाली, अजून डोळ्यापुढून जात नाही.

म्हणून मला रोनन ओगारा लय जवळचा वाटतो. आयर्लंडच्या रग्बी टीमचा दहा नंबर, म्हणजे किक मारून खेळ चालवणारा; 128 टेस्ट, म्हणजे देशादेशांतल्या मॅच. 2009 मधे वेल्सविरुद्ध त्याच्याच ड्रॉप गोलनं (बॉल जमिनीवर टाकून उसळताच मारलेली किक) आयर्लंडला 61 वर्षांनी ग्रँडस्लॅम मिळालं, म्हणजे सिक्स नेशन्स स्पर्धेतल्या सगळ्याच मॅच जिंकल्या. अन् त्याच वर्षी जूनमधे प्रिटोरियात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध लायन्सकडून (ब्रिटन-आयर्लंडची एकत्र टीम) बदली म्हणून उतरला, आफ्रिकेचा जाक फूरी त्याचा टॅकल, म्हणजे पकड, झटकून ट्राय करून (बॉल शेवटच्या रेषेपार टेकवून) गेला, मग 25-25 असताना अगदी शेवटी ओगारा बॉलसाठी हवेत उडालेल्या खेळाडूला धडकला, पेनल्टी, त्यांच्या मॉर्ने स्टेननं स्वतःच्या हाफमधून किक घातली, 28-25. सिरीज गेली.

2013 ला खेळणं सोडून हा माणूस पॅरिसला रेसिंग नावाच्या रग्बी क्लबकडे कोच म्हणून गेला, आधी किकिंग शिकवलं अन् मग चक्क डिफेन्स! समोरचे मुद्दाम ज्याच्या अंगावर धावून जायचे, तोच डिफेन्स शिकवतोय. मला यातच त्याची खरी हिंमत दिसते, कारण पकड कुठून सुटते हे त्याच्या अंगाला माहीत आहे. पुढं न्यूझीलंडला क्रुसेडर्स टीमकडे असिस्टंट कोच म्हणून राहिला, मग फ्रान्सच्या ला रोशेल क्लबचा मुख्य कोच. 2022 अन् 2023, दोन्ही चॅम्पियन्स कप (युरोपातल्या क्लबांची मोठी स्पर्धा) त्यांनीच जिंकले, दोन्ही वेळा फायनलला समोर आयर्लंडचं लेन्स्टर, तो खेळायचा त्या मन्स्टर टीमचा जुना वैरी. दुसऱ्या वेळी तर डब्लिनमधे, त्यांच्याच घरी, सुरुवातीलाच 17-0 मागं पडून 27-26 नं जिंकले.

काल आमच्या कोपऱ्यातल्या पोट्ट्याची पकड सुटली तर तो मान खाली घालून बसला. त्याला माझी फायनल सांगितली, पहिल्यांदाच कोणाला तरी पूर्ण सांगितली. मग मीच रेडर झालो. म्हटलं, "पायावर वजन येऊ दे, मंग धर." सहा वेळा सुटलो. सातव्यांदा त्यानं असा घोटा आवळला की मी तोंडघशी पडलो, काळी माती दातात, अन् पोट्टा पाय सोडायलाच तयार नाही.