गाजराची चव निवडताना: माझा अनुभव

गाजराच्या पैदास प्रकल्पात रुजू झाले तेव्हा माझ्याकडे आलेलं काम ऐकायला सोपं होतं: लोक आवडीने कच्चं खातील असं गाजर निवडायचं. उत्पादन, रोगप्रतिकारशक्ती, आकार, रंग यांवर आधीच्या लोकांनी भरपूर मेहनत घेतलेली होती. चव मात्र नेहमी शेवटी राहायची. त्याला कारण आहे. लांबी मोजायला पट्टी पुरते, चवीसाठी एकेक गाजर चावून बघावं लागतं.

एकेक म्हणजे खरोखरच एकेक. गाजरात परपरागीभवन होतं, म्हणजे पराग दुसऱ्या झाडावरून येतो, त्यामुळे एकाच ओळीत शेजारी वाढलेली दोन गाजरं चवीला पार वेगळी निघू शकतात. खणलेलं गाजर धुवायचं, पाला बोटभर ठेवून छाटायचा आणि शेंड्याकडचा तुकडा कापायचा. त्याच्या रसाचे दोन थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे रसात किती पदार्थ विरघळलेत ते मोजणाऱ्या उपकरणावर, उरलेला तुकडा तोंडात. डोक्याकडचा भाग जपून ठेवायचा, कारण पसंत पडलेल्या गाजराचं बी हवं असेल तर तोच पुन्हा लावावा लागतो. तुकडा दर वेळी एकाच जागेचा घ्यायचा. साल आणि गाभा, डोकं आणि शेंडा यांची चव सारखी नसते.

सुरुवातीला सगळ्यांचं लक्ष ब्रिक्सच्या, म्हणजे या उपकरणावर दिसणाऱ्या आकड्यावर असायचं. पण आकडा चांगला आणि जिभेला गोडी नाही, अशी गाजरं पुन्हा पुन्हा हाती लागत होती. अशा गाजरात पहिला घास बरा लागतो, मग घशाच्या मागच्या बाजूला टर्पेंटाइनसारखा उग्रपणा चढतो आणि बराच वेळ उतरत नाही. हे काम टर्पीन वर्गातल्या सुगंधी द्रव्यांचं. गाजराचा ओळखीचा वास त्यांच्यामुळेच येतो, पण ती जास्त झाली की साखर असूनही गोडवा झाकला जातो. शिवाय साखर कोणती यानेही फरक पडतो. गाजरात एक जनुक ठरवतं की साठा मुख्यतः सुक्रोजचा होणार की ग्लुकोज-फ्रुक्टोजचा. रिफ्रॅक्टोमीटरला यातलं काहीच कळत नाही, तो विरघळलेले सगळे घन पदार्थ एकत्र मोजतो. मला वाटतं, आकडा फक्त चाळणी म्हणून वापरावा; निवड जिभेनेच करावी.

जिभेलाही मर्यादा आहेत. एक उग्र गाजर खाल्लं की पुढच्या काही तुकड्यांचा न्याय होत नाही. पाणी, बिनमिठाचा पाव आणि थोडं थांबणं, एवढाच उपाय. हवामानाचा परिणाम तर फारच मोठा. उष्णतेत वाढलेलं गाजर जास्त उग्र होतं, गारव्यात वाढलेलं जास्त गोड. म्हणून प्रत्येक हंगामात ओळखीचा एक तुलनेचा वाण सोबत लावायचा आणि एका हंगामाच्या गोडीवर भाळून काहीही ठरवायचं नाही.

निवडलेली मुळं मग शीतगृहात जातात. थंड प्रदेशातल्या प्रकारच्या गाजराला फुलावर यायला थंडी लागते. 0 ते 5 अंश सेल्सिअसला साधारण 6 ते 10 आठवडे. चव आधीच घेऊन ठेवायची, कारण साठवणीत चव बदलते. त्या खोलीत पिकणारी फळं ठेवायची नाहीत, यावर मी फार काटेकोर आहे. फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्यामुळे गाजरात कडू द्रव्य तयार होतं. पुढे लागवड, जाळीचे पिंजरे, परागीभवनासाठी आत सोडलेल्या माश्या, आणि बी. इथे मोह होतो सर्वांत गोड दोन-चार मुळंच ठेवण्याचा. तो आवरावा लागतो, कारण गाजराला अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातला संकर, सोसत नाही, पुढची पिढी खुरटी निघते.

सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते चव चाचणीत. प्रशिक्षित चाखणाऱ्यांना आम्ही फक्त तीव्रता विचारतो: गोड किती, कडू किती, उग्र किती. आवडलं का, हे विचारायचं सामान्य ग्राहकांना, 9 गुणांच्या पट्टीवर. नमुन्यांना तीन अंकी क्रमांक देतो आणि रंग दिसू नये म्हणून लाल दिवा लावतो. गडद केशरी दिसलं की लोक ते गोड असेल असं आधीच धरून चालतात. आमच्या सौम्य, गोड वाणाला सरासरी गुण बेताचेच मिळाले. प्रत्येकाचे गुण वेगळे काढून पाहिले तर दोन गट होते. एका गटाला तो मनापासून आवडला होता. दुसऱ्याचं म्हणणं होतं की याला गाजराची चवच नाही.

बीटमध्येही हेच आहे. बीटचा मातकट वास जिओस्मिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. काहींना तो नकोसा होतो, काहींना त्याशिवाय बीट बीट वाटत नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात अर्विन गोल्डमन यांच्या गटाने कमी आणि जास्त अशा दोन्ही दिशांनी जिओस्मिनची निवड केली. हे वाचल्यावर मी आग्रह धरला की आपलीही पैदास दोन वाटांनी व्हावी: एक सौम्य आणि गोड, दुसरी सुगंध राखणारी. आता दोन्हींचं बी वेगवेगळ्या पिंजऱ्यांत धरतो.

सध्याची अडचण निराळीच आहे. सर्वांत रसदार, कुरकुरीत गाजरं काढणीतच मोडतात, उभी तडकतात. खाणाऱ्याला जे हवं तेच काढणाऱ्याला नको असतं. म्हणून या हंगामापासून चव घेण्याआधी प्रत्येक मूळ ठरावीक उंचीवरून खाली टाकतो, आणि जे टिकतं तेच कापतो.