आमची वाटचाल : काटा पावती पाहिल्याशिवाय आकडा नाही

पुण्याच्या नारायण पेठेतील एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर, दोन संगणक आणि एक टेबल एवढ्या भांडवलावर आम्ही पती-पत्नींनी हे शेतीविषयक मासिक सुरू केले. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी याच शहरातून ‘दीनबंधु’ काढून शेतकऱ्या-कामकऱ्यांची गाऱ्हाणी छापली होती. त्या परंपरेत आपलीही एखादी ओळ असावी, ही इच्छा मनात होती. विषय ठरलेला होता : मातीचा कस राखणारी, कमीत कमी विष वापरणारी शेती. ती शेतकऱ्याला परवडली पाहिजे, हा आमचा आग्रह तेव्हाही होता आणि आजही आहे.

सुरुवातीच्या काळात आमच्या हातून एक मोठी चूक झाली. दौंड तालुक्यातील एका ऊस उत्पादकाने जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन यांचे आंबवलेले द्रावण) आणि पाचटाचे, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पानांचे, आच्छादन यांच्या बळावर एकरी नव्वद टन ऊस काढल्याचा लेख आम्ही मुखपृष्ठावर ठळकपणे छापला. अंक बाहेर पडल्यावर बारामतीकडच्या एका वाचकाचे पोस्टकार्ड आले, आणि त्यात एवढेच लिहिले होते : ‘कारखान्याच्या काटा पावत्या पाहिल्या का?’ कारखान्यात उसाचे वजन झाल्यावर मिळणाऱ्या त्या पावत्या आम्ही पाहिल्या नव्हत्या. पुन्हा शेतावर गेलो, तेव्हा त्या शेतकऱ्याने पत्र्याच्या डब्यातून पावत्यांचा गठ्ठा काढून मोकळेपणाने आमच्यापुढे ठेवला. बेरीज एकरी एक्कावन्न टन भरली, आणि मोठ्या बांधणीच्या, म्हणजे उसाच्या बुंध्यांना मातीची भर देण्याच्या, वेळी त्याने युरियाचा एक हप्ताही दिलेला होता. त्याने काहीही लपवले नव्हते. नव्वदचा आकडा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बोलण्यातून आमच्या बातमीदाराच्या वहीत उतरला होता आणि खताविषयी आम्ही विचारलेच नव्हते. पुढच्या अंकात त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत आम्ही दुरुस्ती छापली. काही हितचिंतक नाराज झाले, कारण त्यांच्या मते यामुळे सेंद्रिय शेतीची बदनामी झाली. मला मात्र वाटते की, नव्वद टनांच्या भरवशावर ज्याने कर्ज काढले असते, त्या शेतकऱ्याचे नुकसान कोणत्याही बदनामीपेक्षा मोठे ठरले असते. तेव्हापासून कारखान्याची काटा पावती किंवा आडत्याची (बाजारातील दलालाची) विक्रीची पट्टी पाहिल्याशिवाय उत्पादनाचा एकही आकडा आमच्या अंकात जात नाही.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या महिन्यात आम्ही कीटकनाशकाच्या डब्यावरील त्रिकोणाचे रंग समजावून सांगणारे पान छापले : लाल सर्वांत जहाल, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. मजकूर लावून झाल्यावर लक्षात आले की, समोरच्याच पानावर एका कीटकनाशकाची रंगीत जाहिरात होती. ती काढून जागा कोरी सोडली आणि रासायनिक कीटकनाशकांच्या जाहिराती कायमच्या बंद केल्या. अंकाची पाने चौसष्टवरून अठ्ठेचाळीसवर आली आणि त्या वर्षी दिवाळी अंक काढता आला नाही.

‘जैविक’ म्हणून येणाऱ्या बाटल्यांबाबतही आम्ही तेवढेच काटेकोर राहिलो. जैविक कीटकनाशकालाही १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते; तरीही नोंदणी क्रमांक मागितला की अनेक विक्रेते विषय बदलतात. अशाच एका उत्पादकाने वर्षभराच्या जाहिरातीच्या बदल्यात आपल्या औषधाची शिफारस करणारा लेख मागितला होता. घरभाडे थकलेले असतानाही आम्ही त्याला नकार दिला.

आमच्या वाचकांना सर्वांत उपयोगी पडले ते अपयशाचे सदर. नारायणगावच्या एका टोमॅटो उत्पादकाने पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी फळ पोखरणाऱ्या अळीवर केली आणि ती वाया गेली. पाच किलो कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर भिजवून, गाळून, शंभर लिटर द्रावण करण्याची त्याची पद्धत अचूक होती. मात्र फवारणी भर दुपारी झाली होती, जेव्हा उन्हाने अर्कातील घटक लवकर निकामी होतात; शिवाय अळ्या मोठ्या होऊन फळात शिरल्या होत्या. अर्क संध्याकाळी आणि अळी लहान असतानाच फवारावा, हे कितीही लेखांत सांगितले असले, तरी त्या शेतकऱ्याच्या सडक्या टोमॅटोंच्या छायाचित्रानंतर जेवढी विचारपूस झाली तेवढी आधी कधीच झाली नव्हती. नैसर्गिक शेतीची बाजू घेणाऱ्यांनीच तिच्यातील पडझड आधी सांगितली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

दौंडच्या त्या शेतकऱ्याने पुढे खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुंध्यांतून फुटणाऱ्या उसात, पाचट कुजवले आणि युरियाचे हप्ते टप्प्याटप्प्याने बंद केले. हंगाम संपला की तो पावत्या स्वतःहून कार्यालयात आणून देतो. यंदाच्या पावत्या माझ्या टेबलावर आहेत. एकरी अठ्ठावन्न टन. बेरीज आम्ही दोघांनी वेगवेगळी करून पाहिली आहे आणि आकडा पुढच्या अंकात आतल्या पानावर जाणार आहे.