पद्मिनीला शॉकअप कुठले टाकलेत, हे तुम्ही विचारलंत म्हणून

माझी जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी पाहून पेट्रोल पंपावर विचारतात, लग्नाच्या हॉलबाहेर विचारतात, रंकाळ्यावर गाडी लावताना तर हमखास. "एवढी जुनी पद्मिनी आणि इतकी मऊ? शॉकअप कुठल्या कंपनीचे?" मी म्हणतो, आधी पाट्यांचं बोलू. समोरचा म्हणतो, पाट्यांचं राहू द्या हो, तुम्ही कंपनी सांगा. कंपनी सांगितली की तो खूश होऊन जातो, तेच शॉकअप आणून बसवतो आणि महिन्याभराने मलाच ऐकवतो की तुमच्या नादाने पैसे गेले.

म्हणून एकदाच सगळं लिहितो.

गाडीचं वजन शॉकअप, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, पेलत नाही. ते काम स्प्रिंगचं. पद्मिनीत पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि मागे पाटे, म्हणजे एकावर एक बांधलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्या. दाबली गेलेली स्प्रिंग उसळते आणि उसळतच राहते, ते उसळणं आतल्या तेलाच्या जोरावर थांबवणं एवढंच शॉकअपचं काम. गाडी मागून बसली असेल तर जगातला सगळ्यात महागडा शॉकअप टाका, ती बसलेलीच राहील. हे मी किती लोकांना सांगितलं असेल! ऐकतात, मान डोलावतात आणि पुन्हा विचारतात, "पण कंपनी कुठली?"

आमच्या गाडीला मागे एक पाटा जादा होता. तो मीच घालून घेतला होता, आणि आजही म्हणेन की तेव्हा ते बरोबरच होतं. आमचं गाव वैभववाडीच्या पलीकडे. भात निघालं की तांदळाची पोती, नारळ, मे महिन्यात फणस, सगळं या गाडीतून करूळ घाट चढून कोल्हापूरला यायचं. मूळ पाट्यांवर गाडी इतकी टेकायची की हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडायचे. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनीही डिकीत गॅसची टाकी आल्यावर हाच उपाय केला होता. मग मी का करू नये?

पाटा वाढल्यावर गाडी मागून उंच झाली. काही काळाने मागचे जुने शॉकअप गळायला लागले, तेव्हा एका गॅरेजवाल्याने दुसऱ्याच गाडीचे काढून दिले. "बुश जुळतंय, भोक जुळतंय, बसतंय की!" बसले खरे. कडकही होते. त्या काळात कडक म्हणजे चांगलं, असं आम्ही दोघंही मानत होतो.

मग आबांच्या कमरेचं दुखणं सुरू झालं. गावाकडचं घर बंद पडत आलं, पोती यायची थांबली आणि पोत्यांच्या जागी मागच्या सीटवर आबा बसायला लागले. पाटा मात्र तसाच राहिला. तो काढावा असं कधी मनातही आलं नाही, गाडी उंच आणि रुबाबदार दिसायची ना.

घाटाच्या रस्त्याचं काम व्हायच्या आधीची गोष्ट. गावी एक कार्य होतं. गगनबावड्याला पाऊस थांबला होता, पण खड्डे पाण्याने भरलेले. खोली कळत नव्हती. आबा मागे एकटेच, उशी घेऊन. मी सावकाशच उतरत होतो. दुसऱ्या की तिसऱ्या वळणानंतर मागचं उजवं चाक एका खड्ड्यात गेलं आणि खालून कोणी घण घातल्यासारखा आवाज आला. त्यानंतर प्रत्येक दणक्याला मागून लोखंडावर लोखंड. गाडी कडेला घेऊन वाकून पाहिलं तर शॉकअपची खालची कडी वेल्डिंगमधून तुटलेली आणि दांडा लोंबकळतोय.

कारण तिथेच, चिखलात बसल्या बसल्या कळलं. दुसऱ्या गाडीचा तो शॉकअप पूर्ण उघडला तरी मूळच्यापेक्षा आखूड होता. त्यात जादा पाट्याने गाडी वर उचललेली, म्हणजे नुसतं उभं असतानाच तो बराचसा ताणलेला. चाक खड्ड्यात खाली जाणार ते याला लटकून. चाकाचं, ॲक्सलचं, सगळं ओझं त्या एका कडीवर.

आबांना हे सगळं समजावून सांगायला लागलो. लांबी, ताण, कडी. पाठ दाबत त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोत्याला कंबर नसते रे. मला आहे."

पुढचा घाट एका शॉकअपवर उतरलो. मागची एक बाजू थांबतेय, दुसरी हलतच राहतेय. आबा एक शब्द बोलले नाहीत. परत येताना ते एसटीने आले. मी आग्रह केला नाही.

कोल्हापूरला आल्यावर उद्यमनगरात पाटे उतरवले. जादा पाटा काढला. उरलेल्यांची कमान गेली होती. नुसतं ठोकून दिलेली कमान थोड्याच दिवसांत परत बसते, म्हणून तापवून, तेलात विझवून, पुन्हा बेताने तापवून टेम्पर करून घेतले. मधला गंज घासून ग्रीस भरलं. गंजलेले पाटे एकमेकांना धरून बसतात, मग स्प्रिंग असून नसल्यासारखी. आणि शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या हलत्या कडीचे, नट गाडी जमिनीवर स्वतःच्या वजनावर उभी करून आवळले. जॅकवर असतानाच आवळले तर रबरी बुश कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मिस्त्री वैतागला, पण केलं त्याने.

शॉकअप सगळ्यात शेवटी घेतले. पूर्ण मिटलेली लांबी आणि पूर्ण उघडलेली लांबी, दोन्ही मूळच्या मापाची. साधे तेलाचे. गॅसचे वाईट नसतात, पण आतला दाब दांडा सतत बाहेर ढकलतो, आणि मागे एकच म्हातारा माणूस बसत असेल तर मला तो जोर नको होता. कंपनी? भारतात नाव असलेल्या तीन-चारांपैकी कुठलीही चालली असती. त्या मापाचा जोड ज्या दुकानात मिळाला त्यांच्याकडून घेतला. 2023च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली. आता तो माल ठेवायला दुकानदारालाही कारण उरलेलं नाही.

"एवढ्या पैशांत सेकंडहँड मारुती आली असती" म्हणणाऱ्यांना उत्तर देत नाही. आली असती.

आणि मऊ म्हणजे सगळं झालं असंही नाही. दिवाळीत भावाचं कुटुंब आलं की पाचजण बसतात, आणि स्पीडब्रेकरवर सायलेन्सर घासतो. तेव्हा भाऊ विचारतो, तो पाटा काढलास कशाला? आबा म्हणतात, काढला ते बरं केलं. दोघांचंही बरोबर आहे. पाटा माळ्यावर आहे, यू-बोल्टसकट.

पुढच्या स्प्रिंगांचं तर अजून ठरलेलंच नाही. ड्रायव्हरकडची बाजू थोडी खाली आहे, वर्षानुवर्षं मी एकटाच चालवतोय त्याचा परिणाम असणार. एक जण जाड तारेच्या नव्या वळून द्यायला तयार आहे. पण तार दहा टक्के जाड झाली की तेवढ्याच वेढ्यांची स्प्रिंग जवळजवळ दीडपट कडक होते, हे मी त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग चांगलंच की!" दुसरा म्हणतो, बसलेल्या बाजूच्या स्प्रिंगला चकती घालून उचलू. मिस्त्रीचं म्हणणं, काही करू नका, दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा अदलाबदल करा. सध्या तरी मला मिस्त्रीचं पटतंय.