टेक बाइंडिंगची यंदाची नोंद: टाचेमागची फट, टो-खालचा बर्फ आणि जळगावची धूळ

यंदा सीझनच्या आधी स्की-टुरिंगचे (म्हणजे बर्फाचा डोंगर स्कीवर चालत चढून मग घसरत उतरायचं) बूट बदलले, त्यामुळे बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणारी यंत्रणा, नव्याने सेट करणं आलंच, आणि हात घातलाच आहे तर टोपासून हीलपर्यंत सगळं उघडून, पुसून, मोजून बघितलं. जळगावात बसून स्की-टुरिंगचं सामान सांभाळणारे असे कितीसे असणार, पण पुण्या-नाशिकचे दोन-चार जण हल्ली विचारत असतात, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

नवीन माणसासाठी थोडक्यात. टेक बाइंडिंग म्हणजे पिनवालं. टो पीस म्हणजे पुढचा भाग, त्याला दोन जबडे, प्रत्येकाला एक पिन, आणि बुटाच्या नाकाला दोन्ही बाजूंनी जे पोलादी खळगे असतात त्यात त्या पिना शिरतात. मागे हील पीसला दोन पिना, त्या टाचेच्या खाचेत. चढताना हील पीस फिरवायचा, टाच मोकळी, स्कीखाली स्किन (चढताना मागे घसरू न देणारी, गोंदाने चिकटणारी कापडी पट्टी) लावायची आणि चालत सुटायचं, माथ्यावर स्किन सोलून काढायची, हील सरळ करायचा, टाच दाबली की खट्ट. ऑस्ट्रियाच्या फ्रित्झ बार्थेलने १९८० च्या दशकात हे काढलं, जड सामान घेऊन मों ब्लां चढून वैतागल्यावर, आणि पुढे डायनाफिटने ते बाजारात आणलं. जुन्या फ्रेमवाल्या बाइंडिंगच्या निम्म्याहून कमी वजन, पण त्या बदल्यात सगळा कारभार मिलिमीटरवर आला. फ्रेमवालं बाइंडिंग थोडं मळलेलं, थोडं ढिलं असलं तरी चालवून घेतं. हे नाही घेत.

आता माझी सेटिंग. जुन्या बुटाची सोल ३१३ मिमी, नव्याची ३०५. आठ मिलिमीटरचाच फरक, हील पीसच्या मागचा स्क्रू फिरवला की पीस पुढे सरकतो, नवीन भोकं पाडायची गरज नाही. पण पुढे सरकवायचा किती हे डोळ्याने ठरवायचं नसतं. बूट टोमध्ये, टाच पिनांवर दाबलेली, अशा वेळी बुटाची टाच आणि हीलचं घर यांच्यामध्ये एक ठरलेली फट राहिली पाहिजे. माझ्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये ४ मिमी आहे, काहींना ५.५ असते, आणि हील पीसला मागेपुढे सरकायला स्वतःची स्प्रिंग असेल तर अजिबात नसते, त्यामुळे दुसऱ्याचं ऐकून सेट करू नका, आपापलं मॅन्युअल बघा. फट कशाला, तर उतरताना खड्ड्यात स्की वाकते, वाकली की टो आणि हील एकमेकांकडे सरकतात, आणि मध्ये जागा नसेल तर हीलचं घर थेट बुटाच्या टाचेवर जाऊन बसतं, मग एकतर नको तेव्हा सुटतं किंवा काहीतरी तुटतं. उलटं फट जास्त झाली तर पिना खाचेत वरवरच अडकतात, हातात धरून बघितलं तर सगळं ठीक वाटतं आणि पहिल्याच उडीला टाच मोकळी.

मोजायला कंपनीची पट्टी येते ती माझ्याकडे कधीच नव्हती, सेकंडहँड माल. आपल्या एमआयडीसीत पाइपांचे आणि चटयांचे कारखाने पुष्कळ, तिथल्या एका ओळखीच्याकडून पीव्हीसी शीटचा तुकडा आणला, व्हर्नियर लावला तर ४.१ भरला, पॉलिश पेपरवर चार वेळा घासला, झाला चार. पट्टी फटीत घातली की किंचित अडकत सरकली पाहिजे, पडून जाता कामा नये. दोन्ही पायांना वेगवेगळी मोजा, डावा-उजवा बूट सारखाच असतो असं धरून चालू नका भो, माझ्यात जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा फरक निघाला.

सोल बदलली की रिलीजचा आकडाही, म्हणजे पडताना किती जोर आला की बूट सुटायचा तो, परत बघायचा, हे बरेच जण विसरतात. आयएसओ ११०८८ च्या तक्त्यात वजन, उंची, वय, स्की करायची पद्धत आणि सोलची लांबी यावरून आकडा निघतो, आणि लांबीचे रकाने वीस-वीस मिलिमीटरचे आहेत. ३१३ हे ३११-३३० मध्ये होतं, ३०५ हे २९१-३१० मध्ये आलं, म्हणजे आठ मिलिमीटरसाठी रकानाच बदलला. सोल लहान म्हणजे तरफ लहान, म्हणून आकडा थोडा वर जातो. आता टेक बाइंडिंगमधली काही मॉडेलं आयएसओ १३९९२ ला (टुरिंग बाइंडिंगचं मानक) प्रमाणित असतात, बाकीच्यांवर जो आकडा कोरलेला असतो तो मी तरी अंदाज म्हणूनच धरतो. खरी तपासणी मशीनवर होते आणि ते मशीन आपल्याकडे कुठे मिळणार, म्हणून घरी सतरंजीवर स्की ठेवून, टो अनलॉक ठेवून (चढताना बूट सुटू नये म्हणून टोचा लिव्हर ओढून लॉक करतात, तो न लावता), बूट हाताने बाजूला ढकलून बघतो. यातून आकडा कळत नाही, पण दोन्ही पाय सारखे सुटतात का, सुटताना मध्येच अडकतं का, आणि अर्धवट ढकलून सोडलं तर परत मध्यावर येतं का, एवढं नक्की कळतं.

अडकत होतं. उजव्या हीलमध्ये. आणि इथे आपला खान्देश आला.

हीलचा जो भाग फिरतो त्याच्या आत ग्रीस असतं. युरोपातले लोक सांगतात सीझन संपला की साफ करा, ग्रीस भरा, ठेवून द्या. त्यांचं बरोबर असेल, त्यांच्या तळघरात पंधरा डिग्री असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, वरच्या पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका, ग्रीस पातळ होऊन खालच्या फटीतून बाहेर येतं, त्यावर दुपारच्या वाऱ्यातली काळ्या मातीची धूळ बसते आणि दिवाळीपर्यंत त्याचा दात घासायच्या मिश्रीसारखा राप तयार झालेला असतो. उजव्या हीलमधून मी कापसाने तेच काढलं, बोटांत चोळलं तर कचकच लागली. म्हणून आता माझा नियम उलटा आहे. एप्रिलमध्ये परत आलो की सगळं ग्रीस पुसून काढायचं, हील कोरडा करून झिपवाल्या पिशवीत, पिशवी खालच्या मजल्यावर दिवाणात. नवीन ग्रीस दिवाळी झाल्यावर, थंडीत घट्ट न होणारं, आणि अगदी थोडं. डब्ल्यूडी-४० मारून मोकळं होणारे पाहिलेत, ते आतलं उरलंसुरलं ग्रीसही धुऊन काढतं, त्याच्या नादी लागू नका.

स्किनचंही तेच, गोंद उन्हाळ्यात पाघळतो, त्या फ्रिजच्या खालच्या ड्रॉवरमध्ये जातात. आई म्हणते मेथीला वास लागतो. लागत नाही.

ग्रीसच्या निमित्ताने हील घेऊन लेथवाल्या काकांकडे गेलो होतो, कारण पिनांवर घासल्याच्या खुणा होत्या आणि मला त्या व्हर्नियरने नीट मोजून हव्या होत्या. काका मूळ अमळनेरकडचे, आयुष्य पंपाचे शाफ्ट करण्यात गेलं. हील पीस हातात घेऊन उलटा-सुलटा केला, "हाई काय शे भाऊ?" मग मी बूट लावून दाखवला, खट्ट आवाज आला तसा माणूस खूश. पाच मिनिटांत ठरवूनच टाकलं की या पिना बारीक आहेत, ईएन ३१ मध्ये (बेअरिंगचं पोलाद) जाड करून देतो, हार्डनिंगसुद्धा करून देतो, आयुष्यभर बघायला नको. मोह झाला, खोटं कशाला बोला. पण पिनेची जाडी, टोकाचा उतार आणि कडकपणा यावरच टाच कधी सुटायची ते ठरतं, ती जाड केली की आकड्याला काही अर्थच राहत नाही, आणि सुटायची वेळ येईल तेव्हा पिन तशीच राहील आणि नडगी जाईल. काकांना म्हटलं पिना नको, त्याऐवजी ड्रिलला लावायला एक कॉलर करून द्या, नऊ मिलिमीटरच्या पुढे बिट आत जाणार नाही अशी. स्कीची जाडीच किती असते, बिट खालून बाहेर यायला वेळ लागत नाही. कॉलर झकास झाली, पैसे घेतले नाहीत, चहा मात्र मलाच पाजावा लागला.

कॉलर लागली ती टोच्या स्क्रूसाठी. डाव्या स्कीचा टो पीस आधीच्या मालकाने कुठल्या तरी दुकानातून बसवून घेतलेला, त्याचा एक स्क्रू नुसताच फिरत होता, घट्टच होईना. म्हणजे आतलं लाकूड गेलं. अशा वेळी नुसता कसून उपयोग नाही. स्क्रू काढला, भोकातून ओलसर काळपट भुसा निघाला, दोन दिवस टेबल फॅनसमोर वाळवलं, कॉलर लावून बिट हलकेच फिरवून भोक साफ केलं, मग अराल्डाइटमध्ये बारीक स्टील वूल कालवून आत भरलं आणि स्क्रू बसवला, एक रात्र हात लावला नाही. अराल्डाइट साधंच, सावकाश वाळणारं घ्या, पाच मिनिटांवालं नको. पुढे कधी हाच स्क्रू काढायचा झाला तर सोल्डरिंगच्या इस्त्रीचं टोक डोक्यावर धरून तापवायचा, इपॉक्सी मऊ होतं आणि सुटतो. लॉकटाइटसारखं (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावतात ते) काही स्कीत घालायचं नाही, ते काही प्लास्टिकला तडे पाडतं.

आणि पेचकस! या स्क्रूची डोकी साधी प्लसवाली नसतात, पोझीड्राइव्ह असतात. नीट बघा, प्लसच्या चार खाचांच्या मध्ये आणखी चार बारीक रेघा दिसतील. साईज तीन, पीझेड३. साधा प्लस पेचकस घातला की तो वर चढतो आणि डोकं खातो. जळगावात हार्डवेअरच्या दुकानात पीझेड३ मागितलं तर माणूस आपल्याकडेच बघत बसतो, मला शेवटी मॉड्युलर किचन बसवणाऱ्याकडे मिळाला, त्यांच्याकडे पीझेड२ ढिगाने असतात आणि शोधलं तर एखादा तीनवाला सापडतो.

एवढं करून जानेवारीत झेलम एक्स्प्रेसने काश्मीरला निघालो. स्कीची बॅग खालच्या बर्थखाली तिरपी बसते. जळगाव स्टेशनवर हमाल, भुसावळनंतर टीसी, सगळ्यांना वाटतं ठिबकचे पाइप आहेत, आणि आता मी हो म्हणतो, पुढचे प्रश्न वाचतात.

गुलमर्गला गोंडोला (केबल कार) दुसऱ्या टप्प्यापर्यंत ३,९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो त्यामुळे बरेच जण टुरिंग बाइंडिंग असूनही दिवसभर उतरतच असतात, आम्ही मात्र सकाळी झाडीतून चालतच चढायचो. तिथे नव्या सेटिंगचा खरा कस लागला, आणि फटीचा दुसरा धडा टोकडे मिळाला. कोरडा भुसभुशीत बर्फ टोच्या जबड्यांखाली, स्प्रिंगच्या खालच्या पोकळीत जातो. एका पावलाने काही होत नाही, पण दर पावलाला थोडा दाबला जातो आणि तासाभरात तिथे कडक बर्फाची वडी झालेली असते. मग माथ्यावर बूट काढून परत घालायला गेलं की जबडे पूर्ण मिटतच नाहीत. पिना खळग्यात गेलेल्या दिसतात, पाय उचलला तर स्कीही उचलली जाते, सगळं बरोबर वाटतं. फरक कळतो तो लिव्हरवर. माझ्या टोचा लिव्हर लॉककडे ओढला की नेहमी तीन टकटक येतात, त्या दिवशी दीडच आली आणि लिव्हर हाताला दगडासारखा. काठीच्या टोकाने खालून वडी फोडली, एवढी चिवट की दोनदा काठी घसरली, बूट घालून टाच पाच-सहा वेळा वरखाली झुलवली म्हणजे खळग्यातलाही बर्फ बाहेर पडतो, परत लिव्हर ओढला, तीन टकटक. मग लिव्हर खाली, अनलॉक, आणि उतार. तुमच्या बाइंडिंगला दोन असतील, चार असतील, घरी कोरड्यात मोजून ठेवा म्हणजे वर गेल्यावर तुलना करायला काहीतरी असेल.

टो लॉक ठेवूनच उतरणारे दिसतात, "सुटत नाही मग" म्हणतात. सुटत नाही हेच तर संकट आहे. हिमस्खलनात पायाला अडकलेली स्की माणसाला खाली ओढते. अगदी अरुंद, पडलो तर दरीतच अशा जागी अनुभवी लोक लॉक करतात ते वेगळं, आपल्यासारख्यांनी झाडीत कशाला? ट्रान्सिव्हर (गाडलेल्याचा सिग्नल पकडणारं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी) हे तिघे सोबत असतातच, पण ते गाडलं गेल्यावर एकमेकांना शोधून काढायला. माझ्या बाइंडिंगला सुटलेली स्की थांबवणारे ब्रेक नाहीत, स्की बुटाला बांधणारी दोरी आहे, तीसुद्धा जोर आला की तुटणारी घेतली आहे.

परत आल्यावरची स्थिती अशी: डाव्या टोचा स्क्रू हललेला नाही. फट दोन्हीकडे चारच. उजवा हील आता लोण्यासारखा फिरतो. नवीन बुटाच्या डाव्या नाकाच्या खळग्यात मात्र बारीक गंज दिसतोय, गुलमर्गखालच्या तांगमार्गच्या डांबरी रस्त्यावर बूट घालून चाललो त्याची वाळू आत राहिली असणार, टूथब्रशने काढून तेलाचा हलका हात दिलाय. ट्रान्सिव्हरमधले सेल काढले, नाहीतर उन्हाळ्यात आत फुटतात. ग्रीस पुसायचं राहिलंय, ते या रविवारी, कारण बाहेर आत्ताच एकेचाळीस आहे. आणि हीलच्या आतल्या प्लास्टिकच्या बुशमध्ये हलका खेळ वाटतोय, आडव्या उतारावर चढताना हील आपोआप फिरून टाच अडकवायला बघतो, त्यासाठी कंपनीचाच बुश मागवलाय. काकांना अजून सांगितलेलं नाही, ते पितळेचा करून द्यायला बसतील.