तुम्ही विचारलंत म्हणून : स्पीकरची जागा आणि त्याचा रोख

कोल्हापुरात मी गेली बावीस वर्षे गाड्यांमध्ये स्टिरिओ आणि स्पीकर बसवण्याचे काम करतो. या काळात गाड्या बदलल्या, कॅसेट गेली, सीडी गेली, पण गिऱ्हाइकांचा एक प्रश्न शब्द बदलून तसाच राहिला आहे : “चांगल्यातले स्पीकर घातले, अँप्लिफायर लावला, तरी गाणे गुडघ्यापाशी आणि उजव्याच बाजूला वाजते, आता कोणते स्पीकर घेऊ?” माझे उत्तर बहुतेक वेळा असे असते की आणखी काही घेऊ नका, जे आहेत त्यांची जागा आणि त्यांचा रोख आधी पाहू. काउंटरवर उभ्या उभ्या ते पटवून देणे जमत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

ऐकणारा माणूस दोन्ही स्पीकरपासून सारख्याच अंतरावर बसला आहे, या गृहीतावर स्टिरिओ ध्वनीची सारी मांडणी उभी आहे. अ‍ॅलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हापासून हे गृहीत बदललेले नाही. गायकाचा आवाज डाव्या आणि उजव्या स्पीकरमधून सारखाच निघाला आणि एकाच क्षणी कानांवर आला, तर तो बरोबर मधोमध, जिथे एकही स्पीकर नाही अशा जागी उभा राहतो. घरात आपण खुर्ची सरकवून ती जागा साधतो, परंतु गाडीत खुर्ची जमिनीला बोल्टने घट्ट केलेली असते, आणि आपल्याकडे ती उजवीकडे असते.

एका साध्या हॅचबॅकमध्ये मी चालकाच्या डोक्यापासून टेपने अंतरे मोजली, तेव्हा उजव्या दारातला स्पीकर ९० सेंटिमीटरवर आणि डाव्या दारातला १३२ सेंटिमीटरवर भरला. फरक ४२ सेंटिमीटरचा. ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे डावीकडचा आवाज सुमारे १.२ मिलिसेकंद उशिरा येतो. हा आकडा क्षुल्लक वाटेल, पण अगदी बाजूने आलेल्या आवाजालाही आपल्या एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत जायला जेमतेम ०.६ ते ०.७ मिलिसेकंद लागतात, आणि मेंदू एवढ्याशा फरकावरूनच दिशा ठरवतो. त्याच्या दुप्पट फरक आपण त्याच्यापुढे ठेवल्यावर त्याने सगळे गाणे उजव्या दारात नेऊन ठेवले, तर दोष त्याचा नाही. आधी पोहोचलेला आवाज दिशेचा निकाल लावतो, ही गोष्ट हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली आपल्या प्रबंधात मोजून दाखवली. म्हणूनच बॅलन्सचे बटण डावीकडे फिरवून हा दोष पुरता जात नाही. त्याने आवाजाचा जोर बदलतो, वेळ बदलत नाही.

आता गुडघ्याचे. दारातला साडेसहा इंची स्पीकर आपल्याकडे पाहत नाही, तो समोरच्या दारातल्या आपल्या जोडीदाराकडे पाहतो, आणि मध्ये आपल्या पोटऱ्या, सीट आणि गिअरचा दांडा असतो. खर्जाला याने काही बिघडत नाही, कारण १०० हर्ट्झची ध्वनिलहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते आणि ती अशा अडथळ्यांना सहज वळसा घालते. मात्र १०,००० हर्ट्झची लहर साडेतीन सेंटिमीटरचीच असल्याने ती वळत नाही, सरळ जाते आणि सीटच्या कापडात जिरते. शिवाय या स्पीकरचा कागदी कोन (हलून आवाज काढणारा शंकूसारखा पडदा) प्रत्यक्षात साधारण १३ सेंटिमीटर रुंद असतो, आणि लहरीची लांबी त्या रुंदीएवढी झाली की, म्हणजे सुमारे २,६०० हर्ट्झच्या पुढे, त्याचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा समोरच एकवटू लागतो. शब्द ज्यामुळे कळतात ती ‘स’, ‘श’, ‘त’ यांची धार याच्या बरीच वर, ४,००० ते ८,००० हर्ट्झच्या आसपास असते. ती धार मांडीखाली विरते आणि गायक ब्लँकेट पांघरून गातो आहे असे वाटते. मग लोक ट्रेबल वाढवतात, त्याने फक्त कर्कशपणा वाढतो.

यावर उपाय म्हणजे ट्वीटर, म्हणजे फक्त वरचे स्वर वाजवणारा छोटा स्पीकर, वेगळा करणे आणि तो वर, डोळ्यांच्या पातळीजवळ, शक्य तितका पुढे बसवणे. कान उंचीचा अंदाज मुख्यतः वरच्या स्वरांवरून घेतो, त्यामुळे ट्वीटर वर गेला की खालच्या दारातला आवाजही त्याच्याबरोबर उचलल्यासारखा होतो. पुढे सरकवण्याचा फायदा निराळाच. वरच्याच गाडीत डॅशबोर्डच्या कोपऱ्यांपाशी ट्वीटर धरून मोजले, तर उजवा १०५ आणि डावा १४० सेंटिमीटरवर आला. फरक ३५ सेंटिमीटरवर उतरला, आणि जवळच्या-दूरच्या अंतरांचे प्रमाणही दीडपटीवरून सव्वापटीच्या जरा वर आले, म्हणजे जोरातली तफावतही कमी झाली. एक रुपया न खर्चता मिळालेला हा लाभ आहे.

जागा तीन : बाहेरच्या आरशामागचा त्रिकोणी तुकडा, काचेलगतचा पिलर आणि डॅशबोर्डचा कोपरा. त्रिकोणी तुकडा मला सर्वांत आवडतो, कारण तो काढून पुन्हा लावता येतो आणि काचेपासून थोडा दूर असतो. पिलरबाबत मात्र एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. पिलरच्या पट्टीवर एअरबॅगची खूण असेल, किंवा गाडीत पडदा एअरबॅग (बाजूच्या काचांवर पडद्यासारखी उतरणारी) असेल, तर तिथे स्क्रू मारू नका, वायर ओढू नका, ट्वीटर चिकटवू नका. ती पिशवी डोळ्याचे पाते लवायच्या आत फुगते, आणि तिच्या वाटेत बसवलेला ट्वीटर चालकाच्या तोंडावर येईल. असे काम करून द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी परत पाठवतो. पायाजवळच्या बाजूच्या पॅनेलमध्ये स्पीकर बसवले तर अंतरे आणखी जुळतात, हे खरे आहे, पण आपल्या छोट्या गाड्यांत तिथे बॉनेटची खिट्टी, फ्यूजचा डबा आणि चालकाचा पाय यांतून जागाच उरत नाही.

डॅशबोर्डच्या कोपऱ्यात ट्वीटर आकाशाकडे तोंड करून बसवण्याची पद्धत सोपी, म्हणून सर्वत्र दिसते. सुरुवातीची काही वर्षे मीही तसेच बसवत होतो, आणि त्या गाड्यांतली झांज काचेवर खडे मारल्यासारखी का वाजते हे मला उमगत नव्हते. ट्वीटरचा आवाज एकदा थेट आणि एकदा काचेवर आपटून, असा दोनदा येतो. आपटून येणारी वाट पाचच सेंटिमीटर लांब असली, तरी ते अंतर सुमारे ३,४०० हर्ट्झच्या लहरीची अर्धी लांबी होते. त्या स्वराला दोन्ही आवाज एकमेकांना खोडतात, १०,३०० हर्ट्झच्या आसपास पुन्हा खोडतात, आणि मधल्या पट्ट्यात एकमेकांना वाढवतात. इक्वलायझरने (वेगवेगळ्या स्वरांचा जोर कमी-जास्त करण्याच्या सोयीने) हे खड्डे भरत नाहीत, कारण जेवढे वाढवाल तेवढेच परतूनही येते. गुन्हेगार काच-डॅशबोर्डच आहे का, हे पाहायला डॅशबोर्डवर जाड टॉवेल पसरावा आणि दुसरा ट्वीटरमागे काचेला टेकवून धरावा. आवाज मऊ आणि स्थिर झाला, तर ट्वीटर बदलण्याची गरज नाही, त्याचे तोंड काचेकडून माणसांकडे वळवण्याची गरज आहे.

कोणाकडे वळवायचे, हा प्रश्न दुकानात बसून सुटत नाही, गाडीत बसूनच सुटतो. मिरजेच्या एका गायनशिक्षकांची गाडी माझ्याकडे आली होती. ते म्हणाले, “मला बाकी काही नको, तानपुरे मागे, तबला एका अंगाला, पेटी दुसऱ्या अंगाला, आणि गाणारा मध्ये, एवढे दाखवा.” त्यांच्या गाडीत दारातले स्पीकर उत्तम होते, पण ट्वीटर आधीच्या कोणीतरी डबल टेपने डॅशबोर्डवर आडवे चिकटवले होते. मी ते सोडवले, वायर लांब ठेवली, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या घट्ट कणकेच्या दोन गोळ्यांवर बसवले. कणीक मला यासाठी फार उपयोगी पडते. गोळा आरशाच्या त्रिकोणावर दाबला की टिकतो, आणि अंगठ्याने ट्वीटरचा रोख जवाएवढाही बदलता येतो. इंजीन बंद, काचा वर, इक्वलायझर सपाट, बॅलन्स मध्यावर, आवाज फक्त पुढच्या स्पीकरना, आणि सीट ते रोज ठेवतात तिथेच. मग मी संगीत न लावता बातम्या देणाऱ्या एका निवेदिकेचा आवाज लावला, कारण एकट्या माणसाचे बोलणे कुठून येते हे कानाला नेमके कळते. त्यांना डोळे मिटून बोटाने जागा दाखवायला सांगितली.

पहिल्यांदा दोन्ही ट्वीटर पुढच्या दोन सीटच्या मधोमध, छतावरच्या दिव्याच्या रोखाने ठेवले, आणि मी नेहमी सुरुवात इथूनच करतो. त्यांचे बोट उजव्या वायपरच्या टोकाकडे गेले. उजवा ट्वीटर त्यांच्यापासून थोडा आणखी फिरवून डाव्या सीटच्या डोक्याच्या उशीकडे नेला आणि डावा थेट त्यांच्या उशीकडे आणला, तेव्हा बोट स्टिअरिंगच्या डाव्या कडेपर्यंत सरकले. कारण असे की ट्वीटरचा अगदी वरचा स्वर समोर सर्वांत ठळक आणि तिरक्यात मवाळ असतो. जवळचा ट्वीटर तिरका आणि दूरचा समोर आला, की अंतराने बिघडलेला तोल काही अंशी सावरतो. काही अंशीच, कारण ट्वीटरचा आवाज काढणारा एका इंचाचा घुमट साधारण ८,००० हर्ट्झच्या खाली जवळजवळ सगळीकडे सारखाच पसरतो.

उरलेले काम डिलेचे, म्हणजे जवळच्या स्पीकरचा आवाज किंचित उशिरा सोडण्याचे. ज्यांच्या स्टिरिओत किंवा प्रोसेसरमध्ये ती सोय आहे, त्यांनी प्रत्येक स्पीकरपासून डोक्यापर्यंतचे अंतर मोजावे, सर्वांत लांबच्या अंतरातून ते वजा करावे आणि सेंटिमीटरला ३४ ने भागावे. येईल तितके मिलिसेकंद तो स्पीकर थांबवावा. आमच्या हॅचबॅकमध्ये सर्वांत लांब डावा ट्वीटर, १४० सेंटिमीटरवर. त्या हिशेबाने उजवे दार सुमारे १.५, उजवा ट्वीटर १ आणि डावे दार ०.२ मिलिसेकंद मागे धरले जाते. त्यानंतर कानाने थोडे इकडे-तिकडे करायचे. मात्र डिले हा जागा-रोखाच्या नंतरचा संस्कार आहे. काचेवर आपटून आलेला आवाज डिलेने दुरुस्त होत नाही, कारण डिले लावला तरी त्या आवाजाची उशिराची वाट तितकीच राहते.

दोन गोष्टी धावत्या सांगतो, कारण त्या चुकल्या तर वरचे सगळे वाया जाते. एका बाजूच्या वायरी उलट जोडल्या गेल्या असतील, तर खर्ज पातळ होतो आणि गायक कुठेच सापडत नाही. पेन्सिल सेल क्षणभर दारातल्या स्पीकरला लावून दोन्ही कोन एकाच दिशेला, बाहेर, उचलतात का हे पाहावे. मागच्या पार्सल ट्रेवरचे सहा बाय नऊ इंची ओव्हल स्पीकर पुढच्यांइतकेच मोठे वाजत असतील, तर गाणे मागे खेचले जाते; ते जेमतेम ऐकू येतील इतके खाली ठेवावेत.

दाराबद्दल मात्र थोडे थांबून सांगायला हवे. दाराच्या पत्र्याला आतून मोठी भोके असतात, आणि कोनच्या पाठीचा आवाज त्यांतून येऊन पुढच्या आवाजाला खोडतो. डॅम्पिंग शीटने (पत्र्याला चिकटवायच्या, कंपन शोषणाऱ्या जाड थराने) ती भोके बंद केली की तोच स्पीकर नवा घेतल्यासारखा वाजतो. फक्त दाराच्या तळाशी पाणी जाण्यासाठी असलेली छिद्रे बुजवू नका, आणि डोअर पॅड लावण्यापूर्वी काच पूर्ण खाली करून ती स्पीकरच्या चुंबकाला घासत नाही ना, ते तपासा. स्पीकरखालची रिंग एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची, नको. आमच्याकडचा आणि कोकणातला पाऊस दाराच्या आत झिरपतोच. गगनबावड्याच्या एका गाडीतली माझीच एमडीएफची रिंग दुसऱ्या पावसाळ्यात बिस्किटासारखी फुगून फुटली होती. तेव्हापासून मी वॉटरप्रूफ प्लाय किंवा प्लॅस्टिकच वापरतो.

मिरजेच्या सरांच्या गाडीत मी डिलेही लावून दाखवला. निवेदिका त्यांच्या नाकासमोर येऊन बसली, आणि नंतर लावलेल्या खयालात तानपुरे खरोखरच मागे गेले. त्यांनी पाच मिनिटे काही न बोलता ऐकले, मग उतरले आणि आपल्या पत्नीला चालकाच्या सीटवर न बसवता डावीकडे, त्या रोज बसतात तिथे बसवले. त्यांना गायक डाव्या दारात ऐकू आला, आणि ते स्वाभाविक होते, कारण एका डोक्यासाठी जुळवलेली वेळ दुसऱ्या डोक्यासाठी तितकीच बिघडते. सरांनी विचारले, “दोघांना मध्ये ऐकू येईल असे काही?” मी म्हणालो की पूर्ण मध्ये कोणालाच येणार नाही, पण दोघांना सारखेच, मध्याच्या जवळ येईल. मी डिले बंद केला, उजव्या ट्वीटरचा रोख डाव्या उशीवर आणि डाव्याचा उजव्या उशीवर ठेवला, कणकेच्या गोळ्यांभोवती पेन्सिलने खुणा केल्या, आणि त्याच कोनात बसतील असे दोन साचे बनवायला घेतले.