तुम्ही विचारलंत म्हणून: त्या मुलाला परत का पाठवलं?

दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. "काय हो, त्या पोराला तुम्ही दारातूनच परत पाठवलंत म्हणे?" हो, पाठवलं. एकदाच लिहून टाकतो. पुढच्याला हेच वाचायला देईन.

सदाशिव पेठेतला नाचाच्या क्लासचा हॉल, रविवार संध्याकाळ, पस्तीस खुर्च्या, भाड्याचा प्रोजेक्टर. सिनेमा किम-जो ग्वांग-सू यांचा, २००९ चा, जेमतेम अर्ध्या तासाचा. सक्तीच्या लष्करी सेवेतल्या मुलाला भेटायला त्याचा प्रियकर छावणीपर्यंत जातो आणि नेमकी मुलाची आईही तिथे येऊन थडकते. कोरियन नाव 'चिंगूसाई?'. मराठी सबटायटल्स मीच केली होती. नावापाशी आठ दिवस अडलो, शेवटी 'नुसते मित्र?' केलं. ज्याच्याबरोबर मी अकरा वर्षं राहतोय त्याची ओळख सोसायटीत मी अशीच करून देतो, फक्त प्रश्नचिन्ह गाळून.

सुरू व्हायला दहा मिनिटं असताना तो आला. पाठीवर सॅक. चपला कुठे काढायच्या ते आधी विचारलं आणि काढल्याही. मी वय विचारलं. "अठरा." मग मी आयकार्ड मागितलं. मागायलाच नको होतं, तोंडी सांगितलेल्यावर विश्वास ठेवून मोकळा झालो असतो. त्याने मुकाट काढून दिलं. निळी फीत, अकरावी सायन्स.

"अरे, अठरा पूर्ण हवीत."

"मी मागे उभा राहीन काका. कुणाला सांगणार नाही."

हे त्याने मला धीर द्यायला म्हटलं, आणि माझ्या पोटात गोळा आला तो याच वाक्याने. मी मान हलवली. तो चपला घालायला लागला. एकीचा अंगठा सुटला होता, तो बसवायला खाली वाकला. बसेना. तेवढा सगळा वेळ मी रजिस्टरातली नावं वाचत राहिलो. पस्तीसच्या पस्तीस. दोनदा.

आता तुमचं म्हणणं, की कायदा बदलला, मग भीती कसली. तुम्हाला दारावर बसायचं नव्हतं, मला होतं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा काच २०१८ मध्ये सुटला, कबूल. पण "पोरांना बिघडवतात" एवढी कुजबुज एखाद्या बापाच्या कानावर गेली असती, तर पोलीस चौकीत मी गेलो असतोच, शिवाय त्या हॉलमध्ये सात-आठ वर्षांच्या मुलींना भरतनाट्यम शिकवणाऱ्या बाईंचा क्लासही बसला असता. त्यांनी एका शब्दावर किल्ली दिली होती, भाडंसुद्धा अर्धंच घेतलं.

हे सगळं खरं आहे. त्या मिनिटाला यातलं काहीही माझ्या डोक्यात नव्हतं, हेही खरं. मी घाबरलो, एवढंच. बाईंची आठवण घरी जाताना रिक्षात झाली.

आणि जे तुम्ही कुणी विचारत नाही, तेही सांगतो. याच सिनेमाला कोरियाच्या प्रमाणन मंडळाने अठराखालच्यांसाठी बंदी घातली होती. कारण काय, तर चित्रण थेट आहे आणि मुलं अनुकरण करतील. निर्माते कोर्टात गेले. २०१० मध्ये खालच्या कोर्टाने उलट म्हटलं, की अशा नात्यांची समज यायला सिनेमाचा उपयोगच होईल. मंडळ अपिलात गेलं आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरलं. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना हा अर्धा तास बघता यावा म्हणून माणसं जवळजवळ चार वर्षं कोर्टात भांडली. ही गोष्ट मी प्रास्ताविकात सांगणार होतो. कागद शर्टाच्या खिशात होता, दारावर बसलो होतो तेव्हासुद्धा.

सांगितलीही. टाळ्या पडल्या.

सतरा वर्षांचा मी समोर असता तर त्याने मला शिव्या घातल्या असत्या. घालू दे. त्याला कधी हॉल मिळवावा लागला नाही, कुणाच्या किल्लीची जबाबदारी घ्यावी लागली नाही. बरं, त्याला असं दारही कुठे मिळालं होतं? म्हणजे दार उघडून पुन्हा लावणारा मी पहिलाच. हे त्याला पटवता येत नाही, आणि तो म्हणतो तेही मला पूर्ण पटत नाही.

येत्या महिन्यात पुन्हा सिनेमा आहे. दारावर मी बसणार नाही, एवढं ठरवलंय. कोण बसणार आणि वय विचारायचं का, यावर ग्रुपवर अजून वाद चालू आहे.